दुपट्याचा चेंडू

३ नोव्हेंबर
अंधेरीची आमची इमारत पुनर्विकासासाठी पाडली. बिल्डर देतो त्या भाड्यात चारकोपच मिळालं. नाक मुरडतच आले, पण घर झकास आहे. तळमजला, दारात पेरू, दुपारभर ऊन. घरमालकीण अंजनाबाई वर एकट्याच राहतात. कोळीण, बाजारात मासे विकतात. आल्या आल्या बोंबील आणून दिले. मी म्हटलं, मला साफ करता येत नाहीत. त्या म्हणाल्या, "यवढी शिकलीस नि बोंबलाला भितेस गो?" विम्याच्या कचेरीत भल्याभल्या साहेबांना सरळ केलं मी, इथे मात्र सुरी घेऊन बोंबील साफ करायला बसले.

८ नोव्हेंबर
तेमारीचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. तेमारी म्हणजे दोरा गुंडाळून त्यावर भरतकाम केलेला जपानी चेंडू. शिकवणारी ऋता मुलुंडची, दर वाक्याला 'ऑसम' म्हणते. हात मात्र सुरेख. तिकडे आया घरातल्या जुन्या कपड्याचा गोळा करून मुलांना असे चेंडू करून देत. दोरा गुंडाळला की टाचण्या खोचून भाग पाडायचे, मग नक्षी. टाचणी आत बुडाली तर सगळं उसवावं लागेल, असं तिने दोनदा बजावलं. मी कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांच्या हाताखाली शिवण शिकलेय. मला कसलं बजावते?

११ नोव्हेंबर
अंजनाबाई भांडुपला भावाकडे गेल्या, लग्नघर आहे. जाताना एक गाठोडं सोपवलं. रोज ऊन दाखव, म्हणाल्या, बाकी काही नको. आत जुनी लुगडी आणि एक डागाळलेलं, विरलेलं दुपटं. माझे जुने कपडे घर सोडताना बोहारणीला गेले. वर्ग सुरू व्हायची वेळ झालेली. दुपटं कापून चेंडूचा गोळा केला. पोतेऱ्याच्या लायकीचं तर होतं. लोक काय काय साठवतात.

१३ नोव्हेंबर
चेंडू देखणा झालाय. जांभळ्यावर पिवळी शेवंती, थोडी भरायची आहे. ऋताने सगळ्या वर्गाला दाखवला. हातात धरला की ऊबदार लागतो. ऊन फार आहे इथे.

१४ नोव्हेंबर
अंजनाबाईंची भाची कल्पिता आली. मला आंटी म्हणाली, तेही मी सोडून दिलं. आत्याचं दुपटं उन्हात घालताय ना, असं विचारलं. ते बळवंतचं. अंजनाबाईंचा एकुलता एक, पाळण्यातच गेला. त्याला गारवा लागू नये म्हणून आत्या अजून रोज दुपट्याला ऊन दाखवते, म्हणाली.
मी हो म्हटलं. घडी करून आत ठेवलंय म्हटलं. इतक्या सफाईने खोटं बोलले की तिने माझे आभार मानले.

१५ नोव्हेंबर
एक टाचणी कमी आहे. घर झाडलं, गालिचा झटकला. नाही. उरलेलं फूल भरायला सुई घातली तर आवाज आला. मूल रडण्याआधी श्वास ओढतं तसा. शेजारी मूल नाही.

१७ नोव्हेंबर
भर दुपारी रडतो. खाली ठेवला की रडतो. उचलून छातीशी धरला — का धरला, देव जाणे — तर गप्प.
टाचणी त्याला टोचत असणार.

१८ नोव्हेंबर
उसवायला घेतला. चार फेरे निघाले. दोरा ओला, कोमट. पाचव्याला असा किंचाळला की — पुन्हा गुंडाळला. उसवूनही तुकडेच निघतील. तुकडे कसे देऊ त्यांच्या हातात?

२० नोव्हेंबर
अंजनाबाई आल्या. सगळं सांगितलं. त्यांनी मारावं असं वाटत होतं. त्यांनी फक्त हात पुढे केले.
त्यांच्या हातात तो रडला. जिवाच्या आकांताने. त्यांनी थोपटलं, गाणं म्हटलं — थांबेना. मग माझ्याकडे दिला. लगेच गप्प.
त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "यवढी वर्सं ऊन दावलं. मना कंदी आवाज नय दिला त्यानं."
त्यांचं फक्त कापड नेलं, असं समजत होते मी.

२१ नोव्हेंबर
बाजारात गेल्या नाहीत. माझ्या उंबऱ्यावर बसून आहेत. "खाली ठेव गो जरा. रडूं दे. मना आयकूं दे."
ठेवला. त्यांनी डोळे मिटले. हसल्या.

२२ नोव्हेंबर
आता खाली ठेवला तरी रडत नाही. सवय झाली असेल — माझी.
त्या म्हणतात, सुई घाल.
मी नाही म्हटलं. त्या पाया पडल्या. माझ्या. एकदाच, म्हणतात, हळूच, फक्त आवाज —
सुई त्यांनीच ओवून दिली आहे. तो हातात झोपलाय. मी अजून नाही म्हणतेय, पण हात सुईकडे —