बाहेरची कडी

सोमवार, ९ तारीख

प्रिय दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून लिहिलाय, आज मनातून निघत नाहीये. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

परवा बस आगारातली माझी ड्यूटी लवकर संपली, म्हणून न कळवताच तुझ्याकडे आले. दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार, तोच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईनं हाक मारली. तू कॉलेजात, वहिनी बँकेत, आणि आई आत कोंडलेली! कप गजांतून बाहेर येईना, म्हणून तिनं मला लहानशा वाटीतून चहा दिला. वर हसून म्हणाली, तुरुंगात भेटायला येणाऱ्याला एवढंही मिळत नाही. मला कसलं हसू येतंय? तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि त्या वेळी तू काय करत होतास? माणसाच्या नैसर्गिक हक्कांवर व्याख्यान झोडत होतास. चौकात तुझ्या फोटोसकट फलक लागलाय. जुने जाहीरनामे उलगडून जन्मभर तू हेच शिकवलंस, की हक्क राजा देत नाही, सरकार देत नाही, माणूस ते जन्मतःच घेऊन येतो आणि ते कोणाला काढून घेता येत नाहीत. टाळ्याही पडल्या असतील. किल्ली मात्र तुझ्या खिशात. लाज कशी वाटली नाही रे?

बॅगा दुरुस्तीचं दुकान चालवून त्या बाईनं आपल्याला वाढवलं. अजूनही तिला रोज तिथे जाऊन थोडा वेळ मशीनवर बसायचंय, एवढंच. कुलूप काढ, नाहीतर मी येऊन तोडते.

चिडलेली, तरी तुझीच,
धाकटी

शुक्रवार, १३ तारीख

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. शेवटपर्यंत वाचलं. आता तूही ऐकून घे.

तू चहा पिऊन निघून गेलीस. इथे राहतो मी. गेल्या महिन्यात आई दुकानात जायला निघाली आणि भलत्याच बसमध्ये चढली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका बंद कारखान्याच्या फाटकाशी बसलेली सापडली. घर कुठे आहे, ते तिला सांगता येत नव्हतं. तुला कळवायचं नाही असं तिनंच बजावलं, म्हणून गप्प बसलो. त्याआधी गॅस उघडा राहिला होता, तो वेगळाच.

आणि जाहीरनाम्यांचे दाखले मला देऊ नकोस. ज्या विचारवंतांनी ते हक्क मांडले, त्यांनीच हेही लिहून ठेवलंय की लहान मुलांना आणि ज्यांची समज गेली त्यांना सांभाळणारा लागतो. जिवंत राहण्याचा हक्क सगळ्यांत पहिला. तो मी राखतोय.

कुलूप लावून जिना उतरताना मला काय होतं, हे तू विचारलंस का? पण ती पुन्हा हरवली आणि सापडलीच नाही, तर तूच माझं तोंड बघणार नाहीस. उपाय असेल तर सांग. लांब बसून शहाणपणा शिकवू नकोस.

रागाव हवं तर, पण येत जा.
तुझा,
दादा

सोमवार, १६ तारीख

प्रिय दादास,

सा. न. वि. वि. आई हरवली होती, हे मला तेव्हाच कळवायचं होतंस. पण आत गॅस आणि बाहेर कुलूप, याला तू सांभाळणं म्हणतोस? धन्य आहे तुझी!

उपाय हवाय ना? आईला मी कायमची माझ्याकडे आणते. रविवारी गाडी सांगितली आहे. पुढची खोली रिकामी केली. शेजारच्या बाई दिवसभर तिच्याजवळ बसतील, एकटीला बाहेर सोडणार नाहीत. दुकान रिकामं करून टाक, मशीन कोणाला तरी देऊन टाक. तिचं सामान बांधून ठेव. अरे, माणसासारखं जगू दे तिला!

बाकी भेटीत भांडू.
धाकटी

शुक्रवार, २० तारीख

चि. मोठ्यास आणि चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. हेच पत्र दोघांना धाडतेय. धाकटीची पत्रं मोठ्याच्या टेबलावर होती, त्याच्या उत्तराचा कच्चा खर्डाही होता. सगळं वाचलं. कोंडलेल्या माणसाला दुसरं काम काय?

एकाला मला जपून ठेवायचंय, दुसरीला मला उचलून न्यायचंय. माझ्यावरून भांडताय आणि माझ्याशी कोणी बोलत नाही. मला तुमचा दोघांचाही भयंकर राग आलाय.

मोठ्या, तुझं पुस्तकही वाचलं. सगळी माणसं समान जन्मतात असं लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम राबत होते, बायका राबत होत्या, आणि त्यांना त्या सगळ्यांत जागा नव्हती, हे तूच लिहिलंयस. छान लिहिलंयस. त्यांनाही समज नाही असंच म्हणत होते ना? समज कोणाला आहे, हे दर वेळी किल्लीवालाच कसा ठरवतो? मी विसरते, हे खरं. त्या फाटकाशी मी फार घाबरले होते, हेही खरं. पण विसरते म्हणून मी तान्हं बाळ झाले नाही.

काल खिडकीतून निरोप धाडून दुकानाशेजारच्या कुलूपवाल्याला बोलावलं. त्यानं कुलूप उघडलं आणि दाराची बाहेरची कडी काढूनच नेली. भोकं तेवढी उरलीत. मग दुकानात जाऊन आले. वाटेत गोंधळले, फळवाल्याला विचारलं, त्यानं रस्ता दाखवला. पिशवीला आतून घरचा पत्ता शिवलाय. गॅसचं मात्र तुमचं बरोबर आहे, निघताना सिलिंडर बंद करून जात जा.

धाकटे, गाडी रद्द कर. मशीन कोणाला द्यायचं नाही.

मोठ्या, त्या जाहीरनाम्यांत राजाकडे परवानगी मागितली नव्हती म्हणतोस, त्याला फक्त कळवलं होतं. हे पत्रही तसंच समजा.

मी पुन्हा हरवेन. तेव्हा शोधायला या, दोघंही या. सापडले की हात धरा. पण घराकडे वळवण्याआधी मला विचारा, मी कुठे निघाले होते.

माझ्या मायेला अट नाही.
तुमची,
आई