बोटीवरचा आठ फुटी अँटेना

अहो,

गेलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण बाहेर सोप्यात नेमगोंडा भावजी आणि तुमची ती तिघं टाळकी चहा पीत बसली आहेत, आणि त्यांचं बोलणं ऐकून मला इतकी शिसारी आली की तशीच उठून स्वयंपाकघरात आले. कुणाशी तरी भांडायलाच पाहिजे. त्यांच्याशी भांडून काय उपयोग? मूळ दुखणं तुम्ही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्ष. वर्ष म्हणजे बस्तीत भगवंतापुढं पूजा, घरात चार माणसांचं जेवण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. यांच्या डोक्यात मिरवणूक! तुमची बोट वखारीतनं काढून ट्रॅक्टरला जोडायची, पुढं बँड, बोटीत तुमचा हार घातलेला फोटो, आणि बोटीवरच्या वायरलेसच्या अँटेनाला झेंडा. झेंडा कुठला यावरनं मघापासनं वाद चाललाय. एक म्हणतो भगवा. दुसरा म्हणतो, आपण कर्नाटकात राहतो, लाल-पिवळा लावा, उगंच पोलिसांची झंझट नको. नेमगोंडा भावजी म्हणतात, "अरं, जैनाचं घर हाय त्ये, पंचरंगी लावा की." आता तिन्ही एकाखाली एक बांधायचं ठरत आलंय. अहो, वायरलेसचा अँटेना तो, बेंदराच्या बैलाची शिंगं आहेत काय?

मी म्हटलं, "तो अँटेना काढायचाय. माझी लेक रविवारी बेळगावहून येताना दुसरा घेऊन येणार आहे, सुप्रिया."

भावजींनी कप खाली ठेवला. "वैनी, असं बोलू नगा. त्या अँटेनानं भूपालचा आन पोरीचा जीव वाचवला. आमचा देव हाय त्यो. देवाला कोण पाना लावतंय व्हय?"

देव म्हणे! दाढेखाली खडा आल्यासारखं झालं मला.

तुम्ही बोट घेतलीत तेव्हा सगळी निपाणी हसली होती, आठवतंय? तंबाखूचा व्यापारी, त्यात जैन. मासं धरायचं न्हाय, खायचं न्हाय, मग बोट कशाला? तुम्ही म्हणायचात, "पाण्यावर बसायला." बस्स. मला ते उत्तर फार आवडायचं. तुमच्या तोंडून निघालेलं सगळ्यात खरं वाक्य होतं ते.

सोळा फुटांची फायबरची बोट. पावसाळाभर वखारीत पोत्यांच्या शेजारी पडून असायची, त्यामुळं समुद्रात गेली तरी तिला तंबाखूचाच वास यायचा. दिवाळी झाली की गाडीमागं जोडून आंबोलीचा घाट उतरायचा. तुम्ही आणि सुप्रिया पाण्यात, मी वाळूत छत्री रोवून डबा राखत. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम तुम्ही कधी मोडला नाहीत, म्हणून उजेड असतानाच बोट परत यायची. तेवढ्यावरच माझा जीव थाऱ्यावर असायचा.

मग वायरलेस घ्यायचं ठरलं. किनाऱ्यापासनं लांब गेलं की मोबाइल चालत नाही, काही झालं तर हाक मारायला पाहिजे, म्हणून. चांगली अक्कल सुचली होती! गोव्यातल्या त्या दुकानदारानं पहिल्यांदा काय विचारलं? बोट केवढी? तुम्ही सांगितलंत. त्यानं हाताएवढा आखूड अँटेना काढून ठेवला. म्हणाला, लहान बोटीला हाच बरा. आणि तुम्ही काय म्हणालात? "हे काय उंदराचं शेपूट काढलायसा?" नेमगोंडा भावजी खदखदून हसले. "भूपाल, लई बारका रं. बंदरात लोक काय म्हनतील, निपाणीची पार्टी आन हे शेपूट?"

आठ फुटी अँटेना कोपऱ्यात उभा होता. दुकानदार सांगत होता, तो मोठ्या लाँचसाठी आहे, लहान बोट फार हलते, तिच्यावर चालायचा नाही. त्याला कन्नड येतं हे कळल्यावर तुम्ही ऐटीत म्हणालात, "दोड्डदु कोडी!" मोठा द्या! झालं. साडी घेताना मला दहा दुकानं फिरवणारा माणूस, तिथं एका मिनिटात मोकळा झाला.

मी का बोलले नाही म्हणता? बोलले होते. "तो माणूस सांगतोय ते ऐका तरी," असं दोनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "राजमती, तुला वायरलेसमधलं काय कळतंय?"

आता कळतंय. सुप्रियानं मला परसातल्या पाण्याच्या पाइपावर समजावलं. पाइपाच्या तोंडाला अंगठा दाबला की पाणी लांब जातं, पण धार बारीक होते. मोठ्या अँटेनाचं तसं असतं. मोठी लाँच स्थिर असते, तिची धार सरळ जाते. आपली बोट सारखी डुलणार. एका हेलकाव्याला धार आभाळात, दुसऱ्याला पाण्यात. आखूड अँटेनाची धार जाड. बोट हलली तरी हाक पोचते. एवढंच! एवढं तुम्हाला ऐकायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी वाळूत माझ्या हातात वायरलेसचा तो दुसरा छोटा सेट होता. इंजिन बंद पडलं होतं, वारा तुम्हाला आत खोल समुद्रात ओढत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतं ऐकू आलं, "...बंद..." मग खरखर. मग "...दिवा दिस..." मग काहीच नाही. कुठला दिवा? कुठल्या बाजूला? मी बोंबलून विचारत होते, "कुठं आहात? कुठं आहात हो?" किनाऱ्यावरच्या माणसांना हातापाया पडून सांगत होते, पण जायचं कुठं तेच कुणाला सांगता येईना. दिवस टेकला होता. माझ्या मांडीवर तुमचा डबा तसाच.

एका मच्छीमार बोटीनं तुम्हाला ओढून आणलं. त्या माणसांनी माझ्यासमोर सांगितलं, अहो, तुम्हीही तिथंच होतात! म्हणाले, वायरलेसवर आम्हाला काही ऐकू आलं नाही. ही पोरगी बोटीच्या टपावर चढली होती, लाल ओढणी हलवत होती, ती दिसली म्हणून वळलो. सुप्रियाचे गुडघे फुटले होते. एवढ्या हलणाऱ्या बोटीत टपावर उभी राहिली पोर माझी. आणि तुम्ही, जन्मभर मासळीच्या वासाला नाक धरणारे, त्यांचे हात हातात घेऊन रडत होतात.

मग आपण निपाणीला आलो. दुसऱ्या दिवशी सोप्यात हीच टाळकी जमली, आणि मी आतनं तुमचा आवाज ऐकला. "अँटेना होता म्हणून वाचलो गड्यांनो. आठ फुटी! लांबनं हाक ऐकली त्यांनी." सुप्रिया पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तुम्ही तिच्याकडं बघितलंतसुद्धा. आणि नजर फिरवलीत.

का हो? एक चुकीची वस्तू घेतली एवढं कबूल करायला इतकं जड गेलं? त्यापायी पोरीची शर्थ गिळून टाकलीत? किळस आली मला तुमची. नवऱ्याची किळस यावी, आणि त्याच नवऱ्याला सकाळी गरम भाकरी वाढावी, कसलं हे जिणं! नंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत तीच कथा. दर खेपेला लाट मोठी आणि अँटेना उंच. पोरगी तुमच्याबरोबर पुन्हा पाण्यात गेली नाही. तुम्ही म्हणायचात, "भ्याली ती." भ्याली? ती?

मग तुमचं काळीज अचानक दगा देऊन गेलं, आणि भांडायचं माझं राहून गेलं.

आता सुप्रियाला बोट परत पाण्यात घालायची आहे. तिच्या पोराला घेऊन जायचंय. माझ्याकडं एकच मागणं केलं तिनं, अँटेना बदलायचा. तेवढ्यात बाहेरनं ही मंडळी देवाचं सोंग काढून आडवी आली.

काल रात्री फोनवर ती हेच बोलत होती. मग म्हणाली, "आई, खरं सांग. आप्पा तुझ्याजवळ तरी कधी म्हणालेते का? मी होते म्हणून वाचलो, असं?"

काय सांगू तुम्हाला, हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. मेलेल्या माणसाच्या नावावर एक चांगलं वाक्य चढवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पोरीला बरं वाटलं असतं. तुम्हीही तिच्या मनात सुटला असता. पण तुमच्यासाठी अजून एक खोटं? मी म्हटलं, "न्हाय गं बाळा. कधीच न्हाय."

 ती रडली. मला वाटतं, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली.

तेव्हा ऐका. पत्र लिहून झालं की मी पाना घेऊन वखारीत जाते. बोल्ट गंजला असला तरी निघेल. भावजींना अँटेना पाहिजे तर घेऊन जाऊ दे, झेंडे बांधून दारात उभा करू दे. आणि वर्षाच्या दिवशी, जेवायला पानं मांडायच्या आधी, तुमच्या फोटोशेजारी उभी राहून मी सगळ्यांना सांगणार आहे की तुम्हाला तुमच्या लेकीनं वाचवलं. हे मी करणारच, हा माझा शब्द आहे. सुप्रियाला पुढच्या रांगेत बसवीन. तुम्ही फोटोतनं नजर फिरवू शकणार नाही.

तुमची,
राजमती