सुताच्या वेढ्यातली साखळी

माय, मागच्या सोमवारी नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. उजवा गुडघा बदलायचा आहे. नवा सांधा धातूचा असतो, आणि घड्याळाच्या पट्ट्यानं माझं मनगट लाल होतं हे मी सहज बोलून गेले, त्यावरून ही तपासणी निघाली. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम असे धातू मलमात घालून टिकलीएवढ्या डब्यांतून पाठीला लावतात आणि कातडी कुठे चिडते ते बघतात. दोन दिवस आंघोळ नाही, खाजवणं नाही. नर्स म्हणाली, "काकू, पट्टी सुटली तर घरच्यांना दाबून द्यायला सांगा." मी हो म्हटलं. घरचे म्हणजे कोण, हे त्या पोरीला कशाला सांगत बसू?

पवनीला परतले आणि दुसऱ्याच दिवशी एका पट्टीचं टोक उचललं. हात पोचेना. शेजारणीला हाक मारावी असं दोनदा मनात आलं, पण पाठ उघडी करून तिच्यापुढे बसायचा धीर झाला नाही. चाळीस वर्षं शाळेत पोरांना पाठ ताठ ठेवून बसायला शिकवलं, आणि स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही हे आता कळलं. शेवटी स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ टेकून, जोर देऊन उभी राहिले. तिथे उभ्या उभ्या तू आठवलीस. फार एकटं वाटलं, माय.

तुझी तपासणी याहून सोपी होती. तुला गिलिटाचं, खोट्या धातूचं काही सोसत नसे. बाजारात एखादी वस्तू आवडली की तू दुकानदाराला म्हणायचीस, "एक दिस ठेवतो भाऊ, नाही सोसलं त वापस आणून देतो." मग ती वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला चिंधीनं बांधायचीस आणि दिवसभर बाबांच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायचीस. संध्याकाळी चिंधी सोडून बघायचीस. बहुतेक वेळा लालच. जोडवी काढता येत नाहीत म्हणून त्यांना सुताचा वेढा घातलेला. मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणी हसतात म्हणाले, तर तू पाठीत धपाटा घातलास. "सोन्यानं मले काहीच होत नाही. बाकीच्याची पारख माह्या आंगाले हाये, त मी काय करू?"

सोनं तुझ्याकडे एवढंच होतं, कानातली फुलं. ती माझ्या डी.एड.साठी मोडलीस. म्हणून पहिला पगार झाल्यावर मी भंडाऱ्याहून तुझ्यासाठी साखळी आणली. तू चुलीपुढे बसली आहेस, हाताला पीठ लागलंय, मान पुढे करून म्हणतेस, "तूच घालून दे." मी घालून देते. तू विचारतेस, "सोन्याची होय?" आणि मी होय म्हणते. सोन्याचं पाणी दिलेली होती ती. पुढच्या वर्षी खरी आणू, तोवर हिला काय कळतंय, असं मला वाटलं. मीच तुला म्हणाले, "बांधून नाही पाहात?" केवढं धारिष्ट माझं! तू हसलीस. "तूनं देल्लं, त्याले काय पारखाचं?"

चौथ्या दिवशी भाकरी थापताना तुझा पदर घसरला. गळ्याभोवती लाल पट्टा उठला होता, मागे पाणी भरलेले फोड. तूच म्हणालीस, "घामोळं होय वो, उन्हाळा किती तापून राहिला." आणि पदर सारखा केलास. मी ते घामोळंच धरून चालले, कारण मला ते सोयीचं होतं. पुढे खरी साखळी आणायचं राहिलं. त्याआधी तूच गेलीस.

तू गेल्यावर तुझ्या पत्र्याच्या पेटीत साखळी सापडली. पांढऱ्या बारीक सुतानं पुरती गुंडाळलेली, एकेक कडी. माझ्याकडे कुठल्या लग्नाला आलीस की ती घालायचीस, आणि मी कधी जवळून पाहिली नाही. म्हणजे तुला चौथ्या दिवशीच कळलं होतं. कितीतरी दुपारी तू बसून सूत गुंडाळलं असशील, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस, "काहून वो, खोटं काहून बोललीस?" विचारायला हवं होतंस. धपाटा घालायला हवा होतास.

आज पाठ तपासून झाली. निकेलची जागा लालभडक उठली आहे. आता वेगळा सांधा मागवतील, ऑपरेशन पुढे गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास?" म्हटलं, आईला होता. ते म्हणाले, हे आईकडून येतंच असं काही नाही. मला वाईट वाटलं. तुझ्याकडून काहीतरी अंगावर आलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "त्यांना कशानं झाला होता?"

हा कागद त्याच पेटीत, साखळीखाली ठेवते आहे. डॉक्टरांना मी सांगितलं, कुणीतरी दिलेल्या साखळीनं.