जयदेवच्या टेबलावरचे सात पंप

अंबरनाथ पश्चिम,
२७ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. वेणूस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी असून तुझेच आधी कुरकुरायला लागले, हे काही बरं नाही. मी सांगते आहे आणि नातू जयदेव लिहितो आहे, तेव्हा अक्षर वाईट असेल तर ते त्याचं, आणि मजकूर वाईट असेल तर तोही त्याचाच.

जयदेव कंपनीत पाण्याचे पंप जोडतो. तू मुरबाडभर तो इंजिनेर झाला म्हणून सांगत सुटलीस. (तो म्हणतो, हे लिहायला नको. लिही.) सुटे भाग समोर येतात, बेअरिंग बसवायचं, वर झाकण ठेवायचं, सहा बोल्ट आवळायचे, की पुढचा पंप. घरीही हात थांबत नाही. बरणीचं झाकण असं आवळतो, की आम्हाला लोणचं हवं असलं तर त्याची पाळी सुटायची वाट बघावी लागते.

खंडेनवमीला कंपनी घरच्या माणसांना आत बोलावते. मशीनं पुसलेली, झेंडूच्या माळा, पाने-पकडी पाटावर मांडलेल्या. दिनानाथसाहेब म्हणजे तिथले सुपरवायझर, त्यांनी मला स्वतः खुर्ची दिली, पेढा दिला. (खुर्ची गादीची होती.) जयदेवच्या टेबलावर सात पंप अर्धवट जोडलेले, बिनझाकणाचे, जावळ काढायला बसवलेल्या पोरांसारखे ओळीने बसले होते. दसऱ्याची सुट्टी संपली, झाकणं बसली, आणि टेस्टिंगला सातच्या सात खरखरले. उघडले तर बेअरिंगमध्ये तांदूळ. त्याच आठवड्यात याला कायम करायचं पत्र मिळायचं होतं गं. साहेबांनी विचारलं, हे कुणाचं काम? हा म्हणाला, "साहेब, झाकणं मीच उघडी ठेवली. छपरात चिमण्या आहेत." जेवणाच्या सुट्टीत सातही पंप खोलले, धुतले, पुन्हा जोडले. तरी पत्र तीन महिने पुढे गेलं. त्या चिमण्यांना काय म्हणावं तेच मला सुचत नाही.

तुझी थोरली

ता. क. जयदेव दुसऱ्या पाळीला गेला, म्हणून हे त्याची बहीण मीनल लिहिते आहे. (कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली आहे.) वेणू, चिमण्या नव्हत्या. सगळ्यांनी मशीनला अक्षता वाहिल्या, मी त्याच्या पंपांना वाहिल्या, एकेकाला चांगली मूठभर. पोरगा कायम व्हावा म्हणून. घरून मशेरीच्या डबीत भरून नेल्या होत्या. आता त्याला सांगायला मला तोंड नाही. तेव्हा पुढच्या खंडेनवमीला मला तुझ्याकडे बोलावून घे. गुडघ्यांचं निमित्त कर, ते तुझ्याकडे आहेच.

आणखी ता. क. मावशीआजी, मी पाळीवरून आलो तर पाकीट चिकटवायला आजीने माझ्याकडेच दिलं. (तिला वाचता येत नाही, पण मला येतं, हे ती दर वेळी विसरते.) मला पहिला पंप उघडला तेव्हाच कळलं होतं. दाण्यांना मशेरीचा वास होता, आणि चिमण्या मशेरी लावत नाहीत. साहेबांना खरं सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी कुणाच्याच घरच्यांना आत सोडलं नसतं. त्या खुर्चीबद्दल ती अजून शेजारीपाजारी सांगते आहे. तिला बोलावू नकोस. पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच झाकणं आवळून ठेवीन.

जयदेव