नाव खरं हवं

सोमवार, ३ जून
पोचले एकदाची असाबाला, शूटिंगला! एनुगूहून निघताना आईनं केळीच्या पानात डाळीच्या पिठाचा ओकपा बांधून दिला होता. नायजर नदीचा पूल येईपर्यंत फस्त. सहा वर्षं मोलकरणी आणि नर्सेस केल्या, आता नायिका! सिनेमातली न्वाका बाजारात टोपली घेऊन बसणारी. देवळीपुढे जवळच्या माणसाचं नाव घेऊन त्याचा बळी देते आणि दर बळीमागे श्रीमंत, मोठी होत जाते. देवळी प्लायवुडची, रंग अजून ओला. दिग्दर्शकाला सगळे ओगा म्हणतात. माझ्या जागी ऐनवेळी उभी राहायला एबेले नावाची नटी ठेवलीय. म्हणाली, "बाई गं, ताप आला तर आधी मला कळव हं!" खूप हसलो.

बुधवार, ५ जून
पहिला बळी. खोटं नाव घेतलं, डोळे कोरडे. ओगा म्हणाला, घरच्या कुणाचं खरं नाव घे. ओक्वुदिलीमामाचं घेतलं. असं रडू फुटलं की कॅमेरामननं टाळ्या वाजवल्या.
संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, अदाओराचा फोन. मामा दुपारी जेवता जेवता गेला.

गुरुवार, ६ जून
योगायोग. मामाला रक्तदाब होताच.
लेगॉसचा एक निर्माता कालचं चित्रण बघून गेला. पुढचे दोन सिनेमे मलाच देणार म्हणे.

शनिवार, ८ जून
दुसरा बळी. कुणाचंही भलतंच नाव घेणार होते. खरंच. पण ओगा म्हणाला, बुधवारसारखं हवं. आणि माझ्या तोंडून आईचं —
आई चुलीपाशी कोसळली. गेली. अदाओराला वेळ विचारली. तीच, माझ्या शॉटची.

रविवार, ९ जून
कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी सकाळी ओगा म्हणाला, आई गेली ना, वाईट झालं. बॅग भरली. जा खुशाल, म्हणाला, एबेलेला सगळे संवाद पाठ आहेत.
बॅग खाली ठेवली.
अदाओरा रडत होती. "ताई, तुझ्याशिवाय आईला पुरायचं का गं?" मी फोन ठेवून दिला.

सोमवार, १० जून
आज शेवटचा बळी. माझ्या घरात एकच नाव उरलंय.
नाही घेणार.

दुपार
तीनदा खोटं नाव घेतलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. ओगानं एबेलेला हाक मारली. माझ्या गळ्यातली पोवळ्यांची माळ काढून तिच्या —
थांबा म्हणून ओरडले. मी. मीच ओरडले.
पाच मिनिटं मागून घेतलीत. अदाओराचा फोन वाजतोय. उचलला तर — नाही. एकदाच म्हणायचंय. पुटपुटायचं नाही, ओगा म्हणालाय, स्पष्ट ऐकू यायला हवं. जीभ उचलत नाही. आधी इथे लिहून बघते —
फोन थांबला.
अदाओ—