खिडकीतले तीन राजे

६ जानेवारी १९७४, जरीपटका

आज तीन राजांचा सण. चर्चमधल्या मिस्सानंतर फादर घरी आले, दारावर खडूने आशीर्वाद लिहिला आणि नाताळच्या गव्हाणीकडे पाहून म्हणाले, "बाई, तुमचे राजे अजून खिडकीतच?"

विसरले म्हटलं. खोटं! दरवर्षी नाताळपासून आमचे हे स्वतः त्या मातीच्या राजांना रोज वीतभर पुढे सरकवायचे, सणाला गव्हाणीतल्या बाळापाशी पोचवायचे. यंदा हेच राहिले नाहीत.

शेजारची रोझी म्हणाली, "मावशी, मी ठेवून देऊ काय?" तिच्यावर उगाच खेकसले. काहून? बिचारी चांगलंच करून राहिली होती.

पण राजे पोचले की गव्हाणी आवरून पेटीत ठेवायची, अशी आमची रीत. मग या खोलीत मी एकटीच.

बसा गा राजांनो, खिडकीतच. कोणाले घाई आहे?