वावरातलं गणित : सर्व हक्क राखीव

२ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळी ६.१०
नवीन वही. संकल्प एकच : या वर्षी राग नाही. डॉक्टरांनी बीपीचं सांगितलंय आणि मार्चअखेर रिटायरमेंट आहे. सदतीस वर्षांची मास्तरकी हसतमुखानं संपवायची.

सकाळी ११.४०
शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज. 'ओपन एज्युकेशन अवॉर्ड. शिक्षक आणि प्रकल्पांची नामांकनं पाठवा.' ओपन! म्हणजे अवॉर्डातसुद्धा ओपन! आम्ही बौद्धांनी काय फक्त टाळ्या वाजवायच्या? ग्रुपवर चौदा ओळी लिहिल्या. संविधानाची तीन कलमं घातली. हा राग नव्हे, ही जागृती.
उत्तर कुणाचंच नाही. फक्त यशवंतरावांचा अंगठा. ते निधनाच्या बातमीलाही अंगठाच देतात.

३ जानेवारी
सौंसरहून करुणाचा फोन. पाचवीत माझी विद्यार्थिनी होती, आता तिथल्या शाळेत पाचवीलाच शिकवते. म्हणाली, सर, ते कॅटेगरीवालं ओपन नाही जी. ओपन म्हंजे खुलं. आपण शिकवाचं जे बनवलं ते कोणीबी फुकट घ्यावं, वाटावं, आपल्या हिशेबानं बदलावं.
मी म्हणालो, मला माहीत होतं, ग्रुप किती जागा आहे ते पाहत होतो.
मेसेज डिलीट केला. तोवर सात जणांनी स्क्रीनशॉट काढले होते. ही बातमी यशवंतरावांनी मुद्दाम फोन करून दिली.

३ जानेवारी, संध्याकाळी
शांतपणे विचार केला. खुलं शिक्षण. या भागात माझ्याशिवाय आहे कोण? 'वावरातलं गणित', लेखक मोतीराम गजभिये, सन २०११. आपली लेकरं घरी मराठी बोलतात आणि राज्य हिंदी म्हणून शाळेचं पुस्तक हिंदी. 'खेत' म्हटलं की फळ्याकडे बघत बसतात, 'वावर' म्हटलं की हात वर. म्हणून पन्नास उदाहरणं आपल्या बोलीत लिहिली. बैलबंडी, सरकी, संत्री, सगळं घरचं. नागपूरला तीनशे प्रती छापल्या. पैकी दोनशे बासष्ट शाळेच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून सुरक्षित ठेवल्या आहेत. चौदा वर्षांत एकाही माणसानं एकही चूक दाखवलेली नाही.
अवॉर्ड आपलंच. तेही रिटायर होण्याआधी.

६ जानेवारी
नियम वाचले. स्वतःचं नामांकन स्वतःला करता येत नाही. हा नियम करणाऱ्यानं शिक्षक कधी जवळून पाहिलेला नाही. माझं काम माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?
मंगलाला म्हटलं, तू भर. तिनं चष्मा लावून पहिला प्रश्न वाचला, 'यांच्या कामाचा लोकांना काय उपयोग झाला?' म्हणाली, अजी, हे त मीच लग्नापासून पुसून राहिली. खरं लिहू का?
फॉर्म परत घेतला. रागावलो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

९ जानेवारी
यशवंतरावांकडे गेलो. आमचे जुने हेडमास्तर, आता घरीच असतात. माणूस सावरगावचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीला वर्षानुवर्षं नदीच्या त्या काठावरून आमच्या पांढुर्ण्यावर दगड मारले आहेत, तेव्हा स्वभाव वेगळा सांगायला नको. पण गरज माझी होती. सौदा ठरला : ते माझं नाव देतील, मी त्यांचं.
त्यांचं कशासाठी, विचारलं. म्हणाले, मी हेडमास्तर होतो तवा शाळेचं मैदान लग्नाले खुलं ठेवत होतो का नाही? मंग? याहून ओपन काय रायते?
लिहून दिलं. काय करणार.

११ जानेवारी, शनिवार
यशवंतराव जामसांवलीला दर्शनाला गेले. माझा फॉर्म खिशात घेऊन गेले. राग नाही. हनुमानालाही वाचू द्या.

१३ जानेवारी
यशवंतरावांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'श्री. मोतीराम हे मनमिळाऊ व वक्तशीर असून त्यांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.' हा निरोप समारंभाचा कागद आहे! फाडला. मर्यादा पन्नास शब्दांची होती, मी स्वतः एकोणीसशे लिहिले आणि खाली त्यांची सही घेतली.
स्वप्निलच्या ऑनलाइनच्या दुकानात फॉर्म भरला, तो कागद आणि पुस्तकाचे फोटो वेगळे जोडले. एका ठिकाणी तो अडला. म्हणाला, सर, इथं लायसन्स टाका लागते, त्याच्याबिगर समोर जात नाही. खिशातून काढून दिलं. गाडीचं लायसन्स २०१९ लाच संपलंय, पण नंबर तर नंबर आहे. टाकला. फॉर्म समोर गेला.

२१ जानेवारी
ईमेल. 'कृपया ड्रायव्हिंग लायसन्स पाठवू नये. आपले साहित्य इतरांना वाटण्याची व बदलण्याची परवानगी आहे का, ते कळवावे. मुखपृष्ठाच्या मागे "सर्व हक्क राखीव" असे छापलेले दिसते. ते असल्यास नामांकन ग्राह्य धरता येणार नाही.'
दिसणारच. मीच ठळक टाइपात छापायला लावलं. १९८८ च्या निवड यादीत माझा नंबर ओपनमध्ये सातवा लागला. ओपनमध्ये! यादी अजून पेटीत जपून ठेवली आहे. तरी स्टाफरूममध्ये सदतीस वर्षं ऐकलं, याचं काय, हा राखीववाला. पुस्तक छापताना म्हटलं, घ्या मग. सर्व हक्क राखीव. एक नाही, सर्व. सुटू द्या घाम. आता हे अवॉर्डवाले सांगतात, तेवढं खोडा.
खोडणार नाही. खुलं शिक्षण म्हणून पुस्तकातली एक ओळ मारायची, हा कुठला न्याय? तसं लेखी कळवलं. गोळी घेतली.

२५ जानेवारी, शनिवार
करुणा बसनं आली. पिशवीभर संत्री आणली. मला वाटलं, गुरूची आठवण. तिनं मोबाइल काढला. म्हणाली, सर, तुमच्या पुस्तकातले उदाहरणं मी सहा वर्सांपासून वर्गात सोडवून घेऊन राहिली. आता सगळे ऑनलाइन टाकतो म्हणते. नाव तुमचंच राहीन, सगळ्यात वर. फक्त तुमची परवानगी पायजे. आनं सर, ते सतरावं उदाहरण जरासं...
पुढचं मी ऐकलं नाही. सहा वर्षं! मी बक्षीस म्हणून सही करून दिलेल्या प्रतीच्या झेरॉक्स काढत होती! लेखी उत्तर तिथल्या तिथे दिलं, दोन प्रतींत : 'परवानगी नाही. माझी उदाहरणे व माझे नाव त्वरित काढावे. अन्यथा न्यायालय पांढुर्णा.'
तिनं कागद दोनदा वाचला. म्हणाली, उदाहरणं काढते सर, दुसरे बनवू. नाव काहून काढा लागते? नाव त राहू द्या.
मी म्हणालो, नाव सगळ्यात आधी.
बरं सर, म्हणाली. संत्री ठेवून गेली. मंगला तिला स्टँडवर सोडायला गेली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. भाजीत मीठ नाही. विचारलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२७ जानेवारी
नुसत्या कागदानं भागत नाही. अवॉर्डवाल्यांना करुणाची तक्रार करायची ठरवलं. हिचं नाव कुणी पुढे केलं तर? स्वप्निल म्हणाला, तक्रारीचा फॉर्म नाई सर यांच्याइथं. एकच फॉर्म आहे. ज्याच्याबद्दल सांगाचं आहे त्याचं नाव टाका आनं खाली काय केलं ते लिवा.
लिहिलं. सणसणीत. 'ही शिक्षिका सहा वर्षांपासून सौंसर भागातल्या अकरा शाळांत बोलीतल्या गणिताचे कागद फुकट वाटते. कुणाकडून काही घेत नाही, कुणाला विचारत नाही. लेकरांच्या आयांना शाळेत बोलावून त्यांच्याकडून नवीन उदाहरणे बनवून घेते. कुणीही त्यात वाटेल तो बदल करतो, ही कुणालाही अडवत नाही. परिणामी पाचवीची लेकरे आता मोठ्यांच्या चुका काढू लागली आहेत. हे थांबले पाहिजे.' शेवटचं वाक्य शब्दमर्यादेत बसेना, स्वप्निलनं कापलं. बाकी सगळं बसलं. ही सगळी माहिती स्वप्निलनं तिच्या ग्रुपवरून काढून दिली, पुरावा म्हणून तिथले फोटो जोडले.
खूप हलकं वाटलं. बीपी मोजलं नाही.

१२ फेब्रुवारी
ईमेल! 'आपण पाठवलेले नामांकन अत्यंत तपशीलवार असून अंतिम यादीत निवडले गेले आहे. आभार.'
म्हणजे राखीववाली ओळ मान्य झाली! ताठ उभं राहिलं की जग वाकतं. एकोणीसशे शब्द वाया गेले नाहीत. मंगलाला सांगितलं. तिनं हूं म्हटलं, म्हणजे बोलणं सुरू झालं.

१५ फेब्रुवारी
जाकीट शिवायला टाकलं. निळं. टेलरनं विचारलं, लग्न कोणाचं आहे? म्हटलं, २० मार्चला पेपर वाच.

२० मार्च. दुपारी १.१५
निकाल लागला. प्रकल्प 'आपल्या घरचं गणित', करुणा, सौंसर.

१.३०
खाली बारीक अक्षरात : 'नामांकन करणारे : मोतीराम गजभिये, पांढुर्णा.'

१.५०
निवडीचं कारण म्हणून माझी तक्रार छापली आहे. अक्षर न अक्षर. 'कुणालाही अडवत नाही' हे ठळक टाइपात. समितीनं लिहिलंय, इतकं नेमकं नामांकन या वर्षी दुसरं नव्हतं.
स्वप्निलच्या दुकानात जाऊन ओरडलो. तो म्हणाला, सर, फॉर्म त तोच होता. मी त म्हटलंच होतं, एकच फॉर्म आहे. रांगेतल्या लोकांनी माझं अभिनंदन केलं.

२९ मार्च, शनिवार
निरोप समारंभ. निळं जाकीट घातलं, शिवलंच होतं. यशवंतरावांनी तोच मजकूर वाचला, मनमिळाऊ व वक्तशीर. करुणा आली होती. माइकवर म्हणाली, मले वाटे सर माझ्यावर रागावले आहेत. आनं सरांनी माह्या पाठीमागं हे लिवून धाडलं. मग माझी तक्रार वाचून दाखवली. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करता येत होतं? खरं सांगायचं धाडस झालं नाही. राग आला होता, पण नेमका कुणाचा ते त्या गर्दीत कळेना.
खाली उतरल्यावर तिनं हळूच विचारलं, सर, आता टाकू का तुमचं नाव? मी म्हणालो, लेखी अर्ज कर. विचार करून कळवतो.
असं का म्हणालो?
कपाटाची चावी जमा केली. दोनशे बासष्ट प्रती ऑटोनं घरी आणल्या.

३ एप्रिल
अर्ज आलेला नाही. तिचं पान उघडून पाहिलं, नुसतं पाहायला. उदाहरणं एकशे चाळीस. माझं एकही नाही. लेकरांनी आणि त्यांच्या आयांनी बनवलेली. बरी आहेत. एक तर फारच बरं आहे. सगळ्यात वर लिहिलंय : 'ही पद्धत मला पाचवीत शिकवणाऱ्या सरांची. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचं नाव दिलेलं नाही.'
चार वेळा वाचलं. त्यांच्या इच्छेनुसार.
आज सबंध दिवस कुणावर ओरडलो नाही. मंगलानं कपाळाला हात लावून ताप बघितला.

५ एप्रिल
पानाच्या शेवटी एक चौकट आहे, 'तुमचं उदाहरण पाठवा.' माझं सर्वांत चांगलं पाठवलं, सतरावं. 'बारा झाडं, प्रत्येकाले साडेतीनशे संत्री. शेकडा पाच सडले. चांगले किती उरले?' उत्तर ३९००. लायसन्सचा रकाना आला. या वेळी खिशात हात घातला नाही. 'कोणीही वापरा' वर खूण केली. मग बीपीची गोळी घेतली.

७ एप्रिल
करुणाचा मेसेज. 'सर, उत्तर ३९९० येते. आमी सहा वर्सांपासून दुरुस्त करूनच सोडवून राहिलो. लेकरांनीच पहिल्या वर्सी पकडली होती चूक. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली. जानेवारीत सांगत होती, पण तुमी...'
प्रेसवाल्याची चूक. नागपूरचे प्रेसवाले असेच.

संध्याकाळी
पेटीतून हस्तलिखित काढलं. माझ्याच अक्षरात ३९००. नव्वद संत्री चौदा वर्षांपासून गायब, आणि ज्यांनी पुस्तक उघडून सोडवलं त्या लेकरांना ती पहिल्याच वर्षी दिसली होती.
मंगलाला विचारलं, आता नाव टाकायला कोणत्या तोंडानं सांगू? ती म्हणाली, काहून जी, चूक त तुमचीच आहे ना? त्या चुकीचे हक्क कोण घेऊन राहिलं?
बरोबर आहे. करुणाला कळवलं : 'चूक माझी. नावासह टाकावी.'

९ एप्रिल
पानावर आलं. 'उदाहरण १४१. मूळ उदाहरण व चूक : मोतीराम गजभिये सर. दुरुस्ती : पाचवीचा वर्ग, सौंसर.'
नाव आलं. मंगलाला दोनदा वाचून दाखवलं. मग शिक्षकांच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि तासभर मोबाइल हातात धरून बसलो.
यशवंतरावांचा अंगठा आला.